गाय मेली तर पैसे, गवत वाळलं तरी पैसे? टेक्सासमधल्या रँचवाल्यांची सरकारी मदत

हिशेबवाली
दुसऱ्या एका धाग्यावर "अमेरिकेतले शेतकरी सरकारी पैशावर माजलेत" असं वाचलं. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढला. मी टेक्सासमधल्या अमॅरिलोत एका छोट्या फर्ममध्ये रँचवाल्यांचे, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्यांचे, हिशेब आणि कर बघते. गुरांतलं मला फारसं कळत नाही, पण गुरांचे कागद रोज हातात असतात.

टेक्सासचा वरचा चौकोनी तुकडा म्हणजे पॅनहँडल. सपाट, कोरडा, वाऱ्याचा मुलूख. इथल्या हेम्पहिल काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) वस्ती साडेतीन हजारांच्या आत आहे, गुरं त्याच्या कितीतरी पट. २६ फेब्रुवारी २०२४ ला शेजारच्या भागात, हचिन्सन काउंटीतल्या स्टिनेटजवळ विजेचा एक कुजलेला खांब मोडून पडला, वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि वाऱ्याने ती आग पार ओक्लाहोमाच्या हद्दीत नेली. दहा लाख एकरांहून जास्त कुरण जळालं. स्मोकहाऊस क्रीकची ही आग टेक्सासच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. दोन बायका दगावल्या. मेलेल्या गुरांचा आकडा सुरुवातीच्या अंदाजातच सात हजारांच्या वर गेला होता.

लोकांना वाटतं सरकारने एक चेक फाडला आणि झालं. प्रत्यक्षात केंद्राच्या शेती खात्याचं काउंटी पातळीवरचं कार्यालय असतं, फार्म सर्व्हिस एजन्सी. तिथे नुकसानीच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी योजना आहे. जनावर मेलं तर एलआयपी: त्या जातीच्या, त्या वजनाच्या जनावराचा जो सरासरी बाजारभाव सरकारने ठरवलाय त्याच्या ७५ टक्के. दुष्काळाने चराई गेली तर एलएफपी. पाणी टँकरने आणावं लागलं, चारा लांबून ओढून आणला, तर एलॅप. कुंपण जळालं तर चौथी योजना, दुरुस्तीच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत. आणि या सगळ्यावर संसदेने एखाद्या वर्षी खास पैसा मंजूर केला तर ईएलआरपी, म्हणजे खरी "आपत्कालीन" म्हणतात ती.

यातली मेख अशी की आगीने कुरण गेलं तर एलएफपी फक्त सरकारी मालकीच्या कुरणाला लागू होते. पॅनहँडलमधली जवळजवळ सगळी जमीन खाजगी. त्यामुळे ज्यांचं गवत मुळासकट जळालं ते त्या योजनेतून बाहेर, त्यांनी एलॅपच्या दाराशी उभं राहायचं. पण दोन काउंट्या पलीकडे जिथे काहीच जळालं नाही, फक्त नकाशावर दुष्काळाचा लाल रंग आला, तिथे एलएफपी सुरू.

फुकट_फौजदार
म्हणजे माजलेत हे खरंच की. फक्त कागद जास्त.

खिल्लारी
@हिशेबवाली, छान लिहिलंय. एक विचारतो. गाय मेली हे तिकडे सिद्ध कोण करतं? आमच्याकडे लंपीत पंचनाम्यापायी जीव गेला. २०२२ ला सरकारने दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार जाहीर केले, नाही म्हणत नाही, मिळालेसुद्धा बऱ्याच जणांना. पण आमची एक कालवड रात्री गेली, अंगभर गाठी, पायाला सूज, पाणीसुद्धा गिळत नव्हती. सकाळी साहेब दुसऱ्या गावाला. मेलेलं जनावर दारात ठेवायचं किती? माश्या घोंघावायला लागल्या, बाकीच्या गुरांना धोका. शेवटी खड्डा घेऊन चुना-मीठ टाकून पुरलं. नंतर साहेब म्हणतात, दाखवा जनावर.

गुरांचा_डॉक्टर
खिल्लारी, तुम्ही पुरलंत ते बरोबरच केलंत. लंपी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, मेलेलं जनावर उघड्यावर ठेवणं म्हणजे गोठ्याला आमंत्रण. फोटो काढायला हवे होते, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर दिसेल असे. आता तर राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला नसेल तर खरेदी-विक्रीही नाही आणि नुकसानभरपाईही नाही असा नियम आहे. लोक बिल्ल्याला नाकं मुरडतात, "कान पिकतो" म्हणतात. पिकतो कधीकधी, हळद लावा. पण मेलेल्या जनावराची ओळख त्या पिवळ्या तुकड्याशिवाय दुसरी कशाने पटवणार?

आमच्या बाजूनेही एक सांगतो. एका डॉक्टरकडे दहा-दहा, पंधरा-पंधरा गावं असतात. साथीत आम्ही लस टोचायची की पंचनामे करायचे?

हिशेबवाली
@खिल्लारी, इथे पंचनामा करायला कोणी येतच नाही म्हटलं तरी चालेल. रँचवाल्याने स्वतः दाखवायचं: आपत्तीच्या आधी किती गुरं होती (बँकेच्या कर्जाचे कागद, खरेदी-विक्रीच्या पावत्या, लसीची बिलं), नंतर किती उरली, मेलेल्यांचे तारखेचे फोटो, किंवा पशुवैद्याचा दाखला, किंवा ज्याचा त्यात काही फायदा नाही अशा त्रयस्थाची सही. मग त्यातून "एरवीही मेलीच असती" अशी गुरं वजा होतात. समजा हे प्रमाण दीड टक्का धरलं आणि कळप ४०० गाईंचा असेल, तर पहिल्या ६ गाई तुमच्या तुम्ही सोसायच्या, सातवीपासून सरकार.

आगीत अजून एक अडचण. सगळी गुरं त्याच दिवशी मेली नाहीत. कित्येक गाई आगीतून चालत बाहेर आल्या, दिसायला धडधाकट. पण सड भाजलेले, त्यामुळे वासराला पाजवेना. खुरांच्या मुळाशी भाजलं होतं, दोन-तीन आठवड्यांनी खूर निखळायला लागले आणि मालकाला स्वतः गोळी घालावी लागली. योजनेत आपत्ती संपल्यापासून ६० दिवसांत मेलेलं जनावर धरतात. माझ्याकडे एक म्हातारे गृहस्थ वहीत रोज किती पाडली ते पेन्सिलीने लिहून घेऊन आले होते. प्रत्येक आकड्यासमोर कुरणाचं नाव आणि गाय की कालवड की वासरू. मी फक्त बेरीज केली.

टवाळ_पोपट
आमच्याकडे वही दाखवली असती तर म्हणाले असते, वहीवर सरपंचाचा शिक्का कुठाय.

डकोटाचा_दादा
साउथ डकोटातून लिहितोय. कागद, कागद काय म्हणता, आमच्याकडे कागद द्यायलाच कोणी नव्हतं.

ऑक्टोबर २०१३, ३ ते ५ तारीख. अ‍ॅटलस नावाचं हिमवादळ आलं राज्याच्या पश्चिम भागात. ऑक्टोबरची सुरुवात, गुरं अजून उन्हाळी कुरणावर, अंगावर हिवाळ्याची लव आलेली नाही. आधी तासन् तास पाऊस, गुरं भिजून चिंब, मग त्यावर बर्फ आणि सोसाट्याचा वारा. भिजलेली गुरं वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात. कुंपणं बर्फात बुडालेली, त्यावरून पार. काही घळीत, नाल्यात पडली, काही उभ्या-उभ्या गारठली. मैलोन् मैल लांब दुसऱ्याच्या रानात सापडली. हजारोंनी मेली.

आता गंमत ऐका. १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारच बंद पडलं होतं, अंदाजपत्रकावरून भांडण. फार्म सर्व्हिसच्या कार्यालयाला कुलूप. आणि कुलूप उघडं असतं तरी उपयोग शून्य, कारण मेलेल्या गुरांची ती योजना २०११ च्या सप्टेंबरअखेर मुदत संपून बंद झालेली होती आणि नवा शेती कायदा संसदेत लटकलेला. म्हणजे नुकसान झालंय, पण नोंदवायला माणूस नाही आणि द्यायला योजना नाही. त्यावेळी एकमेकांना एकच सल्ला देत होते: पुरण्याआधी फोटो काढा, शेजाऱ्याची सही घ्या, कधी ना कधी विचारतील. गुरं पुरायला काउंटीने मोठे खड्डे खणून दिले.

फेब्रुवारी २०१४ ला कायदा झाला, योजना कायमची झाली आणि १ ऑक्टोबर २०११ पासूनची नुकसानं मागे जाऊन धरली. १५ एप्रिल २०१४ ला अर्ज सुरू. ज्यांनी फोटो काढून ठेवले होते ते सुटले. मधले सहा महिने लोकांनी वर्गणी काढून आणि एकमेकांना गाभण कालवडी देऊन काढले. तेव्हा "तात्काळ" मदत म्हणजे काय ते मला विचारा.

मानदेशी_मी
दादांचं वाचून २०२१ चा डिसेंबर आठवला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात अवकाळी पाऊस, मग गारठा, आणि उघड्या रानात बसलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने मेल्या. पाऊस आधी, थंडी मागून, अगदी तेच. आमच्या धनगरांचा प्रश्न पुढचा आहे. वाडा आज या शेतात, उद्या त्या शेतात. गाव आपलं नाही, सातबारा आपला नाही. पंचनामा ज्या गावात झाला तिथला तलाठी म्हणतो तुमच्या गावाला जा, गावाचा तलाठी म्हणतो मेंढ्या इथे मेल्या नाहीत. शिवाय केंद्राच्या निकषात लहान जनावरं ३० पर्यंतच. तीनशेचा कळप गेला तरी तीसच.

@हिशेबवाली, तिकडे फिरस्त्यांचं काय?

हिशेबवाली
फिरस्ता असा इथे फारसा उरला नाही, पण भाड्याच्या कुरणावर गुरं चारणारे पुष्कळ. त्यांना चराईची मदत मिळते, अट एकच, करार दाखवता आला पाहिजे. तोंडी ठरलेलं असेल तर तुमच्या धनगरांसारखीच गत. एक तरुण नवरा-बायको होते, जमीन बायकोच्या काकांची, भाडं म्हणून वर्षाला एक बैल कापून द्यायचे. प्रेमळ व्यवहार, कागद शून्य. अर्जात अडकलं.

फुकट_फौजदार
बाकी ठीक. पण माझा मूळ मुद्दा कोणी घेतला नाही. "नकाशावर लाल रंग आला की एलएफपी सुरू" हे काय आहे? म्हणजे नुकसान न बघता पैसे?

हिशेबवाली
हो. आणि मला विचाराल तर सगळ्या योजनांत तीच बरी.

दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो, १९९९ पासून. नेब्रास्का विद्यापीठातलं दुष्काळ केंद्र, शेती खातं आणि हवामानवाले मिळून करतात. डी-० म्हणजे नुसतं कोरडं, डी-४ म्हणजे महाभयंकर. काउंटीच्या कुठल्याही भागात चराईच्या हंगामात एकदा जरी डी-३ लागला तरी तीन महिन्यांचे पैसे. डी-३ चार आठवडे टिकला किंवा डी-४ लागला तर चार महिन्यांचे, डी-४ चार आठवडे राहिला तर पाच. डी-२ ला पूर्वी सलग आठ आठवडे लागायचे तेव्हा एका महिन्याचे मिळत, २०२५ च्या कायद्याने ते चार आठवड्यांवर आणलं. पैसे म्हणजे गुरांच्या महिन्याच्या चाऱ्याचा खर्च किंवा तुमच्या कुरणाची गुरं पोसायची ताकद, यातलं जे कमी असेल त्याचे ६० टक्के. वर्षाला माणशी कमाल सव्वा लाख डॉलर.

म्हणजे कुरणात मावतात त्याहून जास्त गुरं दाखवून फायदा नाही. कोणी तुमचं गवत मोजायला येत नाही, तुम्ही कोणाच्या पाया पडत नाही. एकर आणि गुरं नोंदवलेली असली की अर्ज करायचा. आणि ईएलआरपी तर त्याहून सोपी: २०२१ च्या दुष्काळ-आगीसाठी संसदेने ७५ कोटी डॉलर गुरांकडे वळवले, तेव्हा नवा अर्जच मागितला नाही. एलएफपीची जुनी माहिती घेतली, त्यावर टक्केवारी लावली, पैसे खात्यात. २०२३-२४ च्या दुष्काळासाठी २०२५ ला पुन्हा तसंच केलं.

फुकट_फौजदार
आणि काउंटीच्या ज्या कोपऱ्यात पाऊस झाला तिथल्या माणसाला?

हिशेबवाली
त्यालाही मिळतात. पाऊस चांगला झालेल्याला मिळाले हे मी स्वतः बघितलंय, तो अर्ज मीच भरलाय. आणि हद्दीच्या अलीकडच्या ज्याचं गवत खरंच वाळलं, पण त्याच्या काउंटीत डी-२ पुरेसे आठवडे टिकला नाही, तो कोरडाच राहिला हेही बघितलंय.

गुरांचा_डॉक्टर
अहो, हे तर आपल्याकडेही आहे. पैसेवारी म्हणजे दुसरं काय? पन्नासच्या आत आली की गाव दुष्काळी धरायचे, वर गेली की नाही. २०२३ ला आधी ४० तालुके जाहीर झाले, ओरड झाली, मग दहा-बारा दिवसांत १०२१ महसूल मंडळं जोडली. रेघ कुठेही मारा, रेघेच्या पलीकडे कोणीतरी राहतोच. पण तिकडे रेघ आपोआप पडते, आपल्याकडे रेघ पाडायला मुंबईला माणसं न्यावी लागतात.

डकोटाचा_दादा
आपोआप पडते हे अर्धंच खरं. नकाशा करणाऱ्यांना इथले लोक फोन करतात, फोटो पाठवतात, "आमचा तलाव बघा, आम्हाला डी-३ द्या". ते अधिकृतपणे तशी स्थानिक माहिती मागवतातही. पैसा जोडला गेला की नकाशासुद्धा राजकारण शिकतो. तरी बरं, काउंटीच्या कार्यालयावर देखरेख करणारी समिती तिथल्याच शेतकऱ्यांनी निवडून दिलेली असते. कोणाच्या कुरणात किती गुरं मावतात ते तिला माहीत असतं, खोटं फार चालत नाही. कोणाशी वैर असेल तर मात्र खरंही चालत नाही.

मानदेशी_मी
२०१९ च्या चारा छावण्या आठवा. मोठ्या जनावराला दिवसाला ९० रुपये होते, ते १०० केले, लहानाला ४५ चे ५०. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, छावणीचालकाला पैसा. मग रात्रीतून जनावरं वाढायची. शेवटी बिल्ल्याचा बारकोड रोज मोजायची वेळ आली. पण एक सांगतो, आमच्या घरची गुरं त्या छावणीने जगली. ऊस तोडून आणायचे, पाणी असायचं, आई चार महिने तिथेच राहिली ताडपत्रीत. हातात पैसे दिले असते तर चारा आणला कुठून असता? तालुक्यात काडी नव्हती. तुमच्या त्या नकाशाच्या पैशाने गवत विकत मिळतं का तिकडे?

हिशेबवाली
हा सगळ्यात नेमका प्रश्न. दुष्काळ मोठा असेल तर आसपास सगळ्यांचंच वाळलेलं असतं, गवताच्या गासड्या तीन राज्यांपलीकडून येतात आणि ट्रकचं भाडं गवताच्या किमतीला भिडतं. म्हणून एलॅपमध्ये चारावाहतूक घातली. आणि पैसे बऱ्याचदा हंगाम उलटल्यावर येतात. तोवर गाई विकून झालेल्या असतात. १ जानेवारी २०२५ ला सगळ्या अमेरिकेत ८ कोटी ६७ लाख गुरं होती, १९५१ नंतरचा सगळ्यात लहान आकडा. त्याला बरीच कारणं आहेत, पण वर्षानुवर्षं कोरड्यात माजावर येणाऱ्या कालवडी बाजारात गेल्या हे मोठं.

आगीनंतर पहिले दोन आठवडे सरकारी एक डॉलर आला नव्हता. आलं ते दुसऱ्या राज्यांतल्या शेतकऱ्यांनी ट्रक भरभरून पाठवलेलं गवत. फुकट.

वाचनमात्र
पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. कर लागतो का या मदतीवर?

हिशेबवाली
लागतो, आणि इथे माझं डोकं फिरतं. मदत म्हणजे उत्पन्न, वर्षाअखेर त्याचा कागद येतो आणि ते शेतीच्या उत्पन्नात धरावं लागतं. पण गाय मेली त्याचा तोटा? घरच्या गोठ्यात जन्मलेली गाय असेल आणि तिच्या चाऱ्या-औषधाचा खर्च दरवर्षी वजा केलेला असेल, तर कागदावर तिची किंमत शून्य. शून्य मेलं, तोटा शून्य. विकत आणलेली गाय असेल तर उरलेली किंमत तोटा म्हणून दाखवता येते. म्हणजे ज्याने तीन पिढ्या तोच कळप वाढवला त्याला तोटा दाखवायला काही नाही. हे समजावून सांगताना समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो की मीच कायदा केलाय.

आणि भरपाईचा भाव आधीच्या बाजारावरून काढलेला असतो. गेली काही वर्षं गुरांचे भाव चढत गेले. ७५ टक्के म्हणायचे, पण आज तशीच गाय आणायला गेलं तर ते कमीच भरतात.

टवाळ_पोपट
लांडग्याने खाल्ली तर?

डकोटाचा_दादा
२०२५ च्या कायद्यापासून संरक्षित प्राण्याने मारली तर १०० टक्के, थंडीने मेली तर ७५.

टवाळ_पोपट
गाईंना कळवा मग. मरायचंच असेल तर लांडगा शोधा.

खिल्लारी
२०२५ च्या पुरानंतर आपल्या राज्य सरकारने तीन जनावरांची मर्यादा काढली, हे इथे कोणी लिहिलं नाही. दुधाळ जनावराला ३७ हजार ५००, ओढकामाच्या जनावराला ३२ हजार, जेवढी गेली तेवढ्यांचे. मराठवाड्यात दावणीला बांधलेली गुरं रात्रीत बुडाली. कासरा सोडायला वेळ मिळाला नाही. मर्यादा काढली ते चांगलंच केलं. पण वाहून गेलेल्या म्हशीचा पंचनामा कसा करायचा, हा प्रश्न तिथेच आहे. ती खाली कुठल्या बंधाऱ्याला अडकली कोणाला माहीत. तिकडच्यासारखं "आधी किती होती, नंतर किती उरली" एवढ्यावर धरायला पाहिजे. डेअरीचं दुधाचं बिल आहे, लसीची नोंद आहे, बिल्ल्याचा नंबर सरकारकडेच आहे. अजून काय पाहिजे?

गुरांचा_डॉक्टर
याला मात्र मी सही करेन. नोंद असलेलं जनावर आणि डेअरीची पावती, एवढं असेल तर धड शोधत फिरायची गरज नाही. फक्त बिल्ला आधी मारून घ्या, पूर आल्यावर नाही.

फुकट_फौजदार
ठीक आहे, माजलेत हा शब्द मागे. पण सव्वा लाख डॉलरची मर्यादा अजूनही जास्त वाटते. पॅनहँडलमधले मोठमोठे फीडलॉटवाले पण घेत असतील ना?

हिशेबवाली
चराईची मदत त्यांना नाही. फीडलॉटमध्ये गुरं दाण्यावर असतात, गवतावर नाहीत, म्हणून ती गुरं धरत नाहीत. मोठे रँचवाले मात्र मर्यादेला टेकतात. मेलेल्या गुरांच्या योजनेची मर्यादा तर २०१८ च्या कायद्याने काढूनच टाकली, तिथे तुमचा आक्षेप जास्त लागू पडेल.

वाचनमात्र
माझा मावसभाऊ ओक्लाहोमात जमीन भाड्याने घेऊन शेळ्या पाळायच्या म्हणतोय. शेळ्यांना मिळतं का यातलं काही?

हिशेबवाली
मिळतं. शेळ्या, मेंढ्या चालतात, पण धंद्यासाठी पाळलेल्या हव्यात, हौसेच्या चालत नाहीत. त्याला तीन गोष्टी सांगा. भाड्याचा करार लेखी, त्यावर एकर आणि तारखा. काउंटीच्या कार्यालयात जाऊन मुदतीच्या आत जमीन नोंदवायची, आपत्तीची वाट न बघता. आणि शेळ्या आल्या, व्याल्या, विकल्या, मेल्या, सगळं तारखेसकट लिहायचं, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासह. वर्षाचा अर्ज पुढच्या वर्षी १ मार्चपर्यंत देता येतो, पण फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात येऊ नको म्हणावं, तेव्हा तिथे रांग असते आणि माझ्याकडेही.